इब्री शास्त्राचे नकलनवीस

वर्गांत उतारा लिहून घेण्यास सांगितला म्हणजे मुलांचे दोन प्रकार दिसून येतात, असा आमचा पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे. एकदां फळ्यावरील उताऱ्यांतील एक शब्द पुसट झाला होता. एका विद्यार्थ्यानें त्या ठिकाणीं आपल्या बुद्धीनें एक शब्द घालून वाक्य पुरें केलें. दुसऱ्यानें तेवढी जागा मोकळी सोडली आणि समासांत बारीक अक्षरांनीं लिहिलें, "येथील शब्द वाचतां आला नाहीं." पहिल्याचें वाक्य वाचावयास गोड लागत होतें, पण तें मूळचें नव्हतें, दुसऱ्याचें अपुरें होतें, पण खरें होतें. गुण कोणास अधिक द्यावे, ह्यावर त्या दिवशीं वर्गांत मोठा वाद झाला. त्या वादाचें उत्तर आम्हीं मुलांस एका प्राचीन ग्रंथाची हकीकत सांगून दिलें. तीच हकीकत आमच्या वाचकांपुढें, विशेषतः मुलांच्या आईबापांपुढें, जरा विस्तारानें मांडावी ह्या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

तो ग्रंथ म्हणजे यहुदी लोकांचें इब्री शास्त्र. आम्ही ख्रिस्ती लोक ज्यास 'जुना करार' म्हणतों तोच हा ग्रंथ. मात्र यहुद्यांमध्यें त्याची मांडणी निराळी आहे. ते त्याचे तीन भाग करतात. पहिला तोरा, म्हणजे मोशेचीं पांच पुस्तकें. दुसरा संदेष्ट्यांचीं पुस्तकें. आणि तिसरा इतर लेख, ज्यांत स्तोत्रें, नीतिसूत्रें, ईयोब वगैरे पुस्तकें येतात. ह्या तीन भागांच्या इब्री नांवांचीं आद्याक्षरें जोडून 'तनख' हें नांव झालें आहे. त्यांच्या गणतीनें पुस्तकें २४ होतात, तर आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या गणतीनें ३९. मजकूर तोच, आम्ही शमुवेल, राजे व इतिहास ह्यांचे दोन-दोन भाग धरतों, एज्रा व नहेम्या वेगळे मोजतों आणि बारा लहान संदेष्टे निरनिराळे गणतों, इतकाच काय तो फरक.

इब्री लिपि उजवीकडून डावीकडे लिहितात. तींत अक्षरें २२, आणि तीं सर्व व्यंजनें. प्राचीन काळीं स्वर दाखविण्याची पुरी सोय नव्हती. दोनतीन व्यंजनांकडूनच कोठें कोठें तें काम करून घेत. ह्यांत अडचण काय, हें मराठी उदाहरणानें ध्यानांत येईल. 'प' आणि 'ण' एवढीं दोनच व्यंजनें कागदावर असलीं, तर कोणी 'पण' वाचील, कोणी 'पाणी' वाचील, कोणी 'पुणें' तर कोणी 'पेण' वाचील. ज्यांच्या घरीं जुने मोडी कागद आहेत, त्यांस ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसलेली लिपि वाचतांना काय तारांबळ उडते तें ठाऊक असेल. इब्रींत तर त्याहून अधिक सांभाळावें लागे. मग असा ग्रंथ शुद्ध वाचला कसा जाई? उत्तर असें कीं, तो केवळ डोळ्यांनीं नव्हे, तर कानांनींही जपला जात होता. कोणता शब्द कसा म्हणावा, कोठें थांबावें, कोणत्या चालीवर गावें, हें बाप मुलास व गुरु शिष्यास तोंडीं शिकवी.

परंतु तोंडची विद्या लोक पांगले म्हणजे पांगते. इ. स. ७० मध्यें रोमी सैन्यानें यरुशलेमांतील मंदिर जाळलें, आणि पुढें यहुदी लोक देशोदेशीं विखुरले गेले. म्हणून इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांत, विशेषतः गालील समुद्राच्या कांठीं तिबिर्या नगरांत, कांहीं विद्वानांनीं परंपरागत उच्चार लिहून ठेवण्याचें काम हातीं घेतलें. ह्यांस मासोरेट म्हणतात. त्यांची युक्ति पाहण्यासारखी आहे. पूर्वजांकडून आलेल्या ओळींत त्यांनीं एकही नवें अक्षर घातलें नाहीं. अक्षरांच्या खालीं, वर व पोटांत टिंबें आणि रेघा देऊन त्यांनीं स्वर दाखविले. लेखणी त्यांची चालली, पण ओळ पूर्वजांचीच राहिली.

ह्याहूनही एक गोष्ट आम्हांस मोठी वाटते. जेथें लिहिलेला शब्द एक आणि परंपरेनें वाचला जाणारा शब्द दुसरा असा प्रकार होता, तेथें त्यांनीं लिहिलेला शब्द खोडला नाहीं. तो ओळींत जसाच्या तसा राहूं दिला, आणि वाचावयाचा शब्द समासांत नोंदला. अशीं स्थळें शास्त्रांत शेंकडों आहेत. कित्येक ठिकाणीं ओळींतला शब्द उघड उघड नकलेची चूक दिसतो. तरी त्यांनीं त्यास हात लावला नाहीं. शिवाय त्यांनीं मोजदाद ठेवली. अमुक शब्द अशा रूपानें शास्त्रांत किती वेळां येतो, हें समासांत लिहिलें. पुस्तकाच्या शेवटीं वचनांची संख्या दिली. उत्पत्तीच्या पुस्तकाची ही संख्या १५३४ आहे. दुकानदार रोज रात्रीं रोजकीर्दीची शिल्लक जुळवून पाहतो, त्याप्रमाणें नकल करणारास आपली नकल ह्या आंकड्यांशीं ताडून पाहतां येई.

इ. स. १४८८ सालीं इटलींतील सोन्सिनो गांवीं संपूर्ण इब्री शास्त्र प्रथम छापलें गेलें, आणि आज तर तें कोणत्याही खिशांतल्या यंत्रावर वाचतां येतें. तरीही सभास्थानांत वाचण्याचा तोरा आजतागायत हातानेंच लिहितात. त्यासाठीं शास्त्रानें शुद्ध मानलेल्या पशूचें चामडें कमावून त्याचीं चर्मपत्रें करतात, तीं शिवून लांब गुंडाळी बनवितात, आणि पिसाच्या किंवा बोरूच्या लेखणीनें काळ्या शाईनें लिहितात. एकंदर अक्षरें ३,०४,८०५. स्वरांच्या खुणा तींत नसतात. लेखकास मजकूर मुखोद्गत असला तरी आठवणीवरून लिहावयाचें नाहीं. समोर प्रत ठेवून, शब्द तोंडानें उच्चारून, मग तो लिहावयाचा. साधी चूक झाली तर खरडून सुधारतां येते. पण देवाचें नांव एकदां लिहिलें म्हणजे तें खरडतां येत नाहीं. त्यांत न सुधारण्याजोगी चूक झाली, तर तें सबंध चर्मपत्र बाजूस ठेवून पुन्हां लिहावें लागतें. असें हें काम पुरें होण्यास बहुधा वर्ष तरी लागतें. पुढें एखादें अक्षर झिजून तुटलें, तर तें दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनास चालत नाहीं.

ह्या तोराचे ५४ भाग पाडलेले असून बहुतेक सभास्थानांत तो एका वर्षांत वाचून पुरा होतो. मुख्य वाचन शब्बाथ दिवशीं, म्हणजे शनिवारीं सकाळीं होतें. सोमवारीं व गुरुवारींही थोडें वाचन असतें. अक्षरांस बोट लावीत नाहींत. हाताच्या आकाराचें टोंक असलेली, बहुधा चांदीची, कांडी ओळीवरून फिरवितात. तेरा वर्षांचा झालेला मुलगा ह्या वाचनास बोलाविला जातो, आणि त्या दिवसापासून तो धर्मनियमांस स्वतः जबाबदार मानला जातो. कित्येक सुधारक मंडळ्यांत मुली व स्त्रियाही वाचतात. वाचणाऱ्याच्या शेजारीं उभे असलेले लोक ग्रंथ पाहून ऐकत असतात; अर्थ बदलेल अशी चूक झाली कीं त्यास थांबवून तो शब्द पुन्हां म्हणावयास लावतात. ह्यांत वाचणाऱ्याचा अपमान आहे असें कोणीही मानीत नाहीं. वर्षाच्या अखेरीस आनंदाचा सण करून अनुवादाचा शेवट वाचतात आणि त्याच बैठकीस उत्पत्तीचा आरंभ करतात. ग्रंथ संपला असा दिवस येतच नाहीं.

इतकी खबरदारी घेतली खरी. पण ती खरोखर फळास आली कीं काय? हा प्रश्न श्रद्धाळू मनुष्यानेंही विचारावा असा आहे. हल्लीं उपलब्ध असलेली संपूर्ण शास्त्राची सर्वांत जुनी इब्री प्रत रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें आहे. तिचा काळ सुमारें इ. स. १००८. म्हणजे मूळ लेखक आणि ही प्रत ह्यांमध्यें हजारांहून अधिक वर्षांचें अंतर. मधल्या काळांत काय झालें असेल, ह्याविषयीं विद्वानांस केवळ तर्क करावा लागे.

१९४७ सालीं मृत समुद्राच्या वायव्य कांठीं कुमरान येथील एका गुहेंत बदाऊनी धनगरांस मातीचीं मडकीं सांपडलीं, आणि त्यांत चामड्याच्या गुंडाळ्या निघाल्या. पुढें १९५६ पर्यंत तेथील अकरा गुहांतून नऊशेंहून अधिक ग्रंथांचे लहानमोठे अवशेष हातीं आले. एस्तेर खेरीजकरून इब्री शास्त्राच्या प्रत्येक ग्रंथाचा कांहीं ना कांहीं भाग त्यांत आहे. सर्वांत प्रसिद्ध ती यशयाची मोठी गुंडाळी. सतरा चर्मपत्रें जोडून केलेली, सात मीटरांहून अधिक लांब, आणि ६६ अध्याय जवळजवळ संपूर्ण असलेली ही प्रत ख्रिस्तजन्मापूर्वीं शंभराहून अधिक वर्षें लिहिलेली मानतात. ती मासोरेटांच्या प्रतीशीं ताडून पाहिली तेव्हां शब्दांच्या लिहिण्याच्या रीतींत पुष्कळ भेद दिसले, कांहीं ठिकाणीं शब्दही निराळे आढळले. परंतु यशयाचा ग्रंथ तोच निघाला. हजार वर्षांच्या नकलांतून त्याचें स्वरूप पालटलें नव्हतें.

येथेंच लेख संपविला तर आमच्या मनास बरें वाटेल, पण तें पहिल्या विद्यार्थ्याच्या वाक्यासारखें होईल. त्याच गुहांतून असेही तुकडे निघाले आहेत कीं ज्यांचा पाठ मासोरेटांच्या पाठाहून बराच निराळा आहे. यिर्मयाच्या एका प्रतींत मजकूर आटोपशीर असून कांहीं भागांचा क्रम वेगळा आहे, आणि तो प्राचीन ग्रीक भाषांतराशीं जुळतो. म्हणजे त्या काळीं एकाहून अधिक पाठ चालू होते, हें कबूल केलें पाहिजे. उलट पक्षीं, मृत समुद्राच्याच कांठीं एन-गेदी येथील जुन्या सभास्थानांत १९७० सालीं सांपडलेली एक जळून कोळसा झालेली गुंडाळी २०१५ सालीं, न उलगडतां, क्ष-किरण व गणकयंत्र ह्यांच्या साहाय्यानें वाचली गेली. तींत लेवीयाचा आरंभ निघाला, आणि त्याचीं व्यंजनें आजच्या इब्री पाठाशीं तंतोतंत जुळलीं. तिचा काळ इसवी सनाच्या पहिल्या चार शतकांच्या आंतला मानतात. तेव्हां, पुष्कळ पाठांपैकीं जो एक पाठ यहुदी लोकांनीं पुढें चालविला, तो त्यांनीं विलक्षण निष्ठेनें चालविला, इतकें प्रामाणिकपणें म्हणतां येईल.

आतां आमच्या वर्गांतील वादाशीं जुळणारें उदाहरण सांगतों. स्तोत्रसंहितेंतील १४५ वें स्तोत्र वर्णानुक्रमानें रचलेलें आहे. पहिलें वचन पहिल्या अक्षरानें, दुसरें दुसऱ्यानें, असा क्रम चालतो. अक्षरें २२, पण मासोरेटांच्या पाठांत वचनें २१. 'नून' ह्या अक्षराचें वचन नाहीं. ही उणीव पोरासही दिसावी अशी उघडी आहे. प्राचीन यहुदी गुरूंस ती ठाऊक होती. हें वचन कां नसावें ह्याची चर्चा त्यांनीं तालमूद ग्रंथांत करून ठेवली आहे. त्यांच्यांत इब्री काव्य रचणारे थोडे नव्हते. 'नून' अक्षरानें आरंभ होणारी एक सुंदर ओळ रचणें त्यांस मुळींच कठीण नव्हतें. तरी शेंकडों वर्षांत, हजारों नकला करतांना, ती जागा त्यांनीं आपल्या पदरच्या शब्दांनीं भरली नाहीं.

ग्रीक व सुरियानी ह्या प्राचीन भाषांतरांत मात्र तेथें एक वचन आहे. आणि कुमरानच्या अकराव्या गुहेंतील स्तोत्रांच्या गुंडाळींत देवाच्या विश्वासूपणाविषयींचें, 'नून' अक्षरानें आरंभ होणारें इब्री वचनही मिळालें. तें मूळचेंच असून नकलेंत गळलें, कीं उणीव पाहून कोणी मागाहून घातलें, ह्याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. पण हा विचार करतां येतो तो कशामुळें? नकलनवीसांनीं ती जागा लपविली नाहीं म्हणून. प्रत्येकानें आपापली ओळ तेथें घातली असती, तर आज कोणती जुनी व कोणती नवी हें ओळखणें दुर्घट झालें असतें. आपल्या महाराष्ट्रांत एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हां तींत कोणीं आपली ओवी घालूं नये असें त्यांनीं निक्षून सांगितलें. भाषा निराळी, धर्म निराळा. पण नकल करणाराचा धर्म एकच.

अशा रीतीनें जपलेल्या ग्रंथांवर बाहेरच्यांनीं काय आणलें, हेंही सांगितलें पाहिजे, आणि ख्रिस्ती मनुष्यानें तर तें खालीं मान घालून सांगितलें पाहिजे. १२४२ सालच्या सुमारास पॅरिस शहरांत ख्रिस्ती राजाच्या आज्ञेनें तालमुदाच्या हस्तलिखितांनीं भरलेल्या गाड्याच्या गाड्या जाळण्यांत आल्या. ज्या लोकांनीं आमच्या पवित्र शास्त्राचा पूर्वार्ध आमच्यासाठीं राखला, त्यांच्याच ग्रंथांची आम्हीं होळी केली. आमच्या काळाच्या जवळ येऊं तर, १९४७ सालीं, म्हणजे कुमरानच्या गुंडाळ्या सांपडल्या त्याच वर्षीं, सिरियांतील हलेब शहराचें सभास्थान दंग्यांत जाळलें गेलें. तेथें सुमारें इ. स. ९३० मध्यें तिबिर्यास सिद्ध झालेली, मासोरेटांच्या कामाची सर्वांत प्रमाण मानलेली प्रत होती. ती १९५८ सालीं यरुशलेमास पोहोंचली. परंतु तिचीं सुमारें दोनशें पानें, बहुतेक सर्व तोरासह, आज नाहींत.

दुसऱ्या महायुद्धांत नाझींनीं बोहेमिया व मोराव्हिया येथील यहुदी वस्त्या नाहींशा केल्या. त्यांच्या सभास्थानांतील तोराच्या गुंडाळ्या प्रागमध्यें एकत्र सांठल्या होत्या. १९६४ सालीं अशा १५६४ गुंडाळ्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर सभास्थानांत आणल्या गेल्या. लेखकांनीं वर्षानुवर्षें बसून त्यांतील पुष्कळशांचीं अक्षरें दुरुस्त केलीं, आणि आज त्या जगांतील निरनिराळ्या मंडळ्यांकडे आहेत. ज्या गांवांत वाचणारें कोणीच उरलें नाहीं, त्या गांवचा तोरा परक्या देशांतील मुलें वाचीत आहेत.

ह्या लोकांची ओळख करून घेण्यास महाराष्ट्रीयांस परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. कोंकणांतील बेने इस्राएल समाज आपल्याच भाषेचा. त्यांच्या परंपरेप्रमाणें त्यांचे पूर्वज नवगांवजवळ गलबत फुटून किनाऱ्यास लागले. ग्रंथ त्यांच्याजवळ राहिले नव्हते. पण देव एक आहे असें सांगणारी 'शमा' ही प्रार्थना त्यांच्या तोंडीं राहिली, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवण्याची चाल राहिली. त्यावरूनच शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. मुंबईंत त्यांचें पहिलें सभास्थान १७९६ सालीं झालें. पुढें डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ सालीं त्यांच्यासाठीं इब्री व्याकरण मराठींत लिहिलें, आणि मिशन शाळांतून ती भाषा शिकविली जाऊं लागली. मिशनऱ्यांचा हेतु कांहींही असो, बेने इस्राएलांनीं ती विद्या घेतली ती आपलाच धर्म अधिक नीट समजून पाळण्यासाठीं. १८७४ सालीं पुण्यास त्यांच्या वल्हांडण सणाचें पुस्तक इब्री मूळ व मराठी भाषांतर ह्यांसह निघालें. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक लोक इस्राएलांत गेले. तरी मुंबई, ठाणें, पुणें व कुलाबा जिल्हा, म्हणजे हल्लींचा रायगड, येथें कांहीं कुटुंबें आहेत, आणि त्यांच्या दाराच्या चौकटीवर शास्त्रवचनें लिहिलेल्या चर्मपत्राची लहान डबी आजही दिसते. आम्ही मिशन शाळेंतील शिक्षक ह्या हकीकतींतून इतकें तरी शिकलों कीं, विद्या द्यावी ती निरपेक्षपणें. घेणारा तिचा उपयोग आपल्या विवेकानें करील.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. त्या दिवशीं आम्हीं अधिक गुण दुसऱ्या विद्यार्थ्यास दिले. पहिला मुलगा हुशार होता, आणि त्याचें तोंड उतरलें. म्हणून त्यास इतकेंच सांगितलें कीं, तुझा शब्द चांगला आहे, तो समासांत लिही. आपल्या बुद्धीस जागा अवश्य असावी, पण दुसऱ्याच्या ओळींत नव्हे. निरोप पोहोंचविणें, साक्ष देणें, ऐकलेली बातमी पुढें सांगणें, वडिलांचा हिशेब उतरून काढणें, हीं सर्व नकलनवीसाचींच कामें आहेत, आणि तीं जन्मभर प्रत्येकाच्या वांट्यास येतात. पालकांनीं मुलांच्या वह्या पाहतांना कोठें रिकामी जागा व शेजारीं प्रामाणिक टीप दिसली, तर लगेच रागावूं नये, अशी आमची विनंति आहे. एका सबंध लोकसमाजानें अशीच एक ओळ शेंकडों वर्षें रिकामी ठेवली, आणि म्हणूनच बाकीच्या ओळींवर आज आपला भरंवसा बसतो.